चामखीळ गेल्यानंतरचे महिने

कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, शेवटचा चामखीळ जाळून झाल्यावर डॉक्टरांनी हातमोजे काढले, बेसिनवर हात धुतले आणि ते पुसता पुसता ‘काही विचारायचे आहे?’ असे विचारले. खोलीत जळलेल्या केसांसारखा वास भरून राहिला होता. भूल दिलेली असल्यामुळे दुखत काहीच नव्हते. पण त्या वासामुळे आपल्या अंगावरचे काहीतरी जळले आहे याची खात्री पटत होती. मी विचारले, ‘आता हे माझ्यापासून बायकोला होणार नाही ना?’ ते म्हणाले, ‘चामखीळ गेले आहेत. विषाणू गेला की नाही, हे मी सांगू शकत नाही आणि दुसरे कोणीही सांगू शकणार नाही.’

त्या दिवशी मला हे उत्तर टाळाटाळीचे वाटले. पैसे घेऊन उपचार केला आणि वर हमी मात्र नाही, अशी चडफड करीतच मी घरी आलो. त्यानंतरच्या दीड वर्षात जे अनुभवले आणि जे वाचले, त्यावरून त्या दोन वाक्यांत या दुखण्याचे जवळजवळ सगळे सार आले होते, असे आता म्हणावे लागते. जननेंद्रियावरील चामखिळांविषयी मराठीत शोधू गेल्यास ‘सात दिवसांत मुळापासून नायनाट’ अशा जाहिराती तेवढ्या मुबलक सापडतात, म्हणून स्वतःचे नाव न देता हे लिहीत आहे.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगतो. मांडीच्या सांध्याजवळ आणि शिस्नाच्या मुळाशी बारीक पुरळासारखे तीन उंचवटे आले होते. उन्हाळा होता, त्यामुळे घामोळे समजून पावडर लावत राहिलो. दोन महिन्यांत त्यांचे पाच झाले आणि त्यांतल्या एकाला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे बारीक दाणे फुटले. तेव्हा मी जो शहाणपणा केला तो इतरांनी करू नये: औषधाच्या दुकानातून कुरुपावर लावायचे सॅलिसिलिक ॲसिडचे औषध आणले आणि तेच तेथे लावले. ते औषध तळपायाच्या जाड कातडीसाठी असते, नाजूक जागेसाठी नसते. चामखीळ जागच्या जागी राहिला आणि भोवतीची कातडी सोलवटून निघाली. आमच्या गावी चामखिळाला चुना लावतात, घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधून तो गळून पडण्याची वाट पाहतात. ते उपाय तेवढे मी टाळले, पण केवळ घोडा उपलब्ध नव्हता म्हणून, असेही एखादा म्हणू शकेल.

अखेर ज्यांच्या पाटीवर ‘त्वचारोग’ मोठ्या अक्षरांत आणि ‘गुप्तरोग’ लहान अक्षरांत लिहिले आहे अशा एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंग घेऊन दोन मिनिटे पाहिले आणि निदान सांगितले. सोबत व्हीडीआरएल ही सिफिलिसची आणि एचआयव्हीची अशा रक्ततपासण्या करून घ्यायला सांगितल्या, कारण सिफिलिसच्या एका अवस्थेतही त्याच जागी चपट्या, ओलसर गाठी येतात आणि पाहणाऱ्याची फसगत होऊ शकते. दोन्ही अहवाल निर्दोष आले. ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च किंवा तेथील ओळखीचे चेहरे नको असतील, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाचे विभाग असतात. तेथे अशी तपासणी होते. मला हे नंतर कळले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘चामखीळ’ हा शब्द संस्कृत ‘चर्मकील’ या शब्दावरून आला आहे. कातडीत ठोकलेला खिळा, असा त्याचा अर्थ. सुश्रुतसंहितेत चर्मकिलाचा उल्लेख अर्शाच्या, म्हणजे मूळव्याध आणि तशा मांसांकुरांच्या, प्रकरणात येतो आणि जननेंद्रियावर उगवणाऱ्या अर्शांचे वर्णनही तेथेच आहे. अर्शावर भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सुश्रुताने सांगितले आहेत. माझ्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला जे पर्याय लिहून दिले, ते वाचताना मला त्या चौकडीची गंमत वाटली: लावायचे क्रीम, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, कॉटरी किंवा लेसर आणि अखेरीस कात्री. ॲसिड हे क्षाराच्या विरुद्ध टोकाचे रसायन खरे, पण काम जाळण्याचेच करते. सुश्रुताच्या यादीत नसलेला उपाय एकच, तो म्हणजे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्याचा.

मात्र खिळ्याची ही उपमा एका बाबतीत आपली दिशाभूल करते. खिळा म्हटला की त्याला टोक आले, मूळ आले. ते उपटले की काम संपले, अशी आपली समजूत होते, आणि ‘मुळापासून नायनाट’ म्हणणारे तीच समजूत विकतात. वास्तविक चामखिळाला मूळ नसतेच. तो त्वचेच्या वरच्या आवरणातच वाढलेला असतो. ज्याला मूळ म्हणता येईल तो ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, आणि तो चामखिळाच्या खाली नेमका एका बिंदूवर बसलेला नसून आजूबाजूच्या, दिसायला अगदी चांगल्या त्वचेतही पसरलेला असू शकतो.

या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत आणि त्यांतील ६ व ११ या क्रमांकांचे प्रकार मिळून जननेंद्रियावरील सुमारे ९० टक्के चामखिळांना कारणीभूत असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या खरचटीतून विषाणू आत शिरतो आणि त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशी गाठतो. तेथे तो फारशी हालचाल करीत नाही. सुमारे आठ हजार रासायनिक जोड्यांची त्याची डीएनएची लहानशी कडी पेशीत पडून राहते आणि पेशी विभागली की तिच्यासोबत वाटली जाते. नवे विषाणू तयार होतात ते त्या पेशी वर सरकत सरकत पृष्ठभागाजवळ आल्यावर, आणि मग मृत कातडीच्या कोंड्याबरोबर ते बाहेर पडतात. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडून बाहेर येत नाही, ताप किंवा सूज आणत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना घरात कोणी शिरले आहे याची चाहूल लागेपर्यंत महिने उलटतात, ते यामुळेच.

एवढे समजल्यावर ‘उपचारानंतर संसर्ग होऊ शकतो का?’ या प्रश्नाचे उत्तर आपोआप दोन भागांत विभागले जाते. उठून दिसणारा चामखीळ हा विषाणूंचा कारखाना असतो. तो असताना त्वचेचा त्वचेशी संपर्क झाला तर संसर्गाची शक्यता सर्वाधिक असते. तो काढला की बाहेर पडणाऱ्या विषाणूंचे प्रमाण बहुधा बरेच घटते, पण शून्य होते असे कोणालाही म्हणता येत नाही, कारण भोवतीच्या त्वचेत काही विषाणू शिल्लक असू शकतात. म्हणून चामखीळ गेल्यानंतरही काही काळ संसर्ग होणे शक्य आहे. तो काळ किती, हे प्रत्येक शरीराप्रमाणे बदलते. बहुसंख्य लोकांमध्ये प्रतिकारशक्ती एक ते दोन वर्षांत या विषाणूला असे नमवते की तपासणीत तो सापडेनासा होतो. ‘सापडेनासा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे. काहींच्या शरीरातून तो पूर्णपणे जातो आणि काहींच्या शरीरात बहुधा तो गप्प होऊन पडून राहतो. बाहेरून पाहून या दोहोंतला फरक ओळखता येत नाही.

मग तपासणी करून का घेऊ नये? मीही हेच विचारले होते. पुरुषांसाठी अशी नित्याची चाचणी उपलब्ध नाही. स्त्रियांच्या गर्भाशयमुखासाठी जी एचपीव्ही चाचणी असते, ती कर्करोगाशी संबंधित असलेले १६, १८ यांसारखे प्रकार शोधते. ६ आणि ११ हे तिचे काम नाही. त्यामुळे ‘मी आता मोकळा झालो’ असा शिक्क्याचा कागद कोठेही मिळत नाही. कॉटरीची तारीख माझ्या फाइलीत लिहिलेली आहे. विषाणूच्या जाण्याची तारीख कोणत्याच फाइलीत लिहिली जाणार नाही, आणि मला वाटते, या दुखण्यातला खरा मनस्ताप चामखिळांपेक्षा या न लिहिलेल्या तारखेचा आहे.

पुन्हा उगवण्याविषयी बोलायचे तर माझे आठव्या आठवड्यात उगवले. जुन्या जागेपासून बोटभर अंतरावर तांदळाच्या कणीएवढे दोन. उपचार चुकला असे वाटून मी तणतणत गेलो, तर डॉक्टरांना काहीच आश्चर्य वाटले नाही. पुन्हा येणारे चामखीळ बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच येतात, असे त्यांनी सांगितले. उपचारानुसार आकडे बरेच बदलतात. पण ढोबळमानाने दर चार जणांमागे एकाला तरी पुन्हा सामोरे जावे लागते, असे समजायला हरकत नाही. याविषयी १९८५ साली प्रसिद्ध झालेले एक लहानसे संशोधन मला फार बोलके वाटले. लेसरने उपचार केलेल्या वीस रुग्णांच्या चामखिळांपासून १५ मिलिमीटर अंतरावरची, दिसायला निर्दोष असलेली त्वचा तपासली गेली. नऊ जणांच्या त्या चांगल्या त्वचेत विषाणूचा डीएनए सापडला आणि त्या नवांपैकी सहा जणांना चामखीळ पुन्हा आले. ज्यांच्या त्वचेत तो सापडला नाही अशा अकरांपैकी फक्त एकाला आले. वीस हा आकडा लहान आहे हे मान्य. पण बोटभर अंतरावर उगवलेल्या माझ्या दोन कण्यांचा उलगडा मला त्यातूनच झाला. लेसर कितीही महागडा असला तरी तो जेथे रोखला जातो तेवढेच जाळतो.

दुसऱ्या खेपेला कॉटरीऐवजी इमिक्विमोड नावाचे क्रीम मिळाले. ते विषाणूला मारत नाही. त्या जागेवरच्या प्रतिकारशक्तीला हाका मारून जागे करते, आणि मग तिने तिचे काम करायचे असते. आठवड्यातून तीन रात्री एक लहानशी पुडी फोडायची, पातळ थर लावायचा, सहा ते दहा तासांनी साबणाने धुऊन टाकायचा आणि हे चामखीळ जाईपर्यंत, फार तर सोळा आठवडे चालवायचे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दूधवाल्याचे खाडे फुलीने मांडलेले असतात. त्याच चौकटींत सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मी पेन्सिलीने एक ठिपका देऊ लागलो. तिसऱ्या आठवड्यात जागा लालभडक झाली, चड्डीची शिवण टोचू लागली आणि दोन ठिपके चुकवावे लागले. दूधवाल्याचा हिशेब करताना आईने ‘हे ठिपके कसले रे?’ असे विचारले. ‘पाण्याच्या टँकरचे’ असे मी ठोकून दिले आणि तिला ते पटले, कारण ते एप्रिलचे पान होते. नवव्या आठवड्यात दोन्ही कण्या गेल्या. त्यानंतर आजवर, म्हणजे चौदा महिने, काही आलेले नाही.

एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती मला पुडीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या सूचना वाचून कळली: या क्रीममुळे कंडोमचे रबर कमकुवत होऊ शकते आणि क्रीम अंगावर असताना शरीरसंबंध ठेवायचा नसतो.

बायकोला सांगण्याचा प्रसंग मी पहिल्या निदानानंतर तीन दिवस पुढे ढकलला होता. तिने ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो संसर्गाचा नव्हता. ‘हे कधीचे आहे?’ असे तिने विचारले. आमच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती, आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता हे आम्हा दोघांनाही कळत होते. लग्नापूर्वीच्या माझ्या एका नात्याविषयी तिला माहीत होते. पण सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आता कशी उगवेल? डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून जे सांगितले ते असे: हा विषाणू शरीरात शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत सामान्यतः तीन आठवड्यांपासून आठ महिन्यांपर्यंतचा काळ जातो, पण काहींच्या बाबतीत तो वर्षांवर जाऊ शकतो आणि पुष्कळांना तर चामखीळ कधीच येत नाहीत. म्हणून चामखीळ दिसल्याच्या दिवसापासून मागे मोजत जाऊन कोणाकडून, केव्हा, हे ठरवता येत नाही. तो लग्नापूर्वी आलेला असू शकतो. तो तिच्याकडून आलेला असू शकतो, तिला कधीही काहीही दिसलेले नसताना. शरीरसंबंध ठेवणाऱ्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा एखादा प्रकार गाठतोच. ते म्हणाले, ‘यावरून चारित्र्याचा पुरावा शोधू नका, तो यात नसतो.’ माझ्या बाजूने कोणीतरी बोलले म्हणून मला बरे वाटले, हे खरे. पण वाक्य तिच्याही बाजूचे होते, हे लक्षात यायला मला घरी पोहोचेपर्यंतचा वेळ लागला.

या रोगाचे संसर्गजन्य रूप वैद्यकशास्त्रालाही उशिराच मान्य झाले. चामखीळ अस्वच्छतेने किंवा दुसऱ्या एखाद्या गुप्तरोगाच्या स्रावाने होतात असे विसाव्या शतकातही मानले जात होते. १९५४ साली अमेरिकन डॉक्टरांनी असे दाखवले की कोरियाच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या पत्नींना, नवरा घरी आल्यानंतर काही आठवड्यांत चामखीळ आले होते. १९७१ मध्ये लंडनच्या डेव्हिड ओरिएल यांनी रुग्णांच्या जोडीदारांचा पाठपुरावा केला, तेव्हा सुमारे ६४ टक्के जोडीदारांना चामखीळ झाल्याचे आढळले. ‘तीन आठवडे ते आठ महिने’ हा डॉक्टर लोक सांगतात तो काळही त्यांनीच मोजलेला. ६ क्रमांकाचा विषाणू मात्र १९८० साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत वेगळा काढला गेला. याच विषाणूकुळाचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध दाखवल्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल मिळाले.

कर्करोगाचे नाव निघाले की घरात शांतता पसरते, म्हणून हेही स्पष्ट लिहितो. ६ आणि ११ हे प्रकार कमी जोखमीचे मानले जातात. त्यांच्यामुळे येणाऱ्या चामखिळांचा सहसा कर्करोग होत नाही. परंतु एकाच व्यक्तीला दोन प्रकारांची लागण होऊ शकते, म्हणून जोडीदार स्त्रीने तिच्या वयाला लागू असलेली गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी चुकवू नये. नवऱ्याला चामखीळ झाले एवढ्यावरून ती अधिक वेळा करण्याचीही गरज नसते. माझ्या बायकोने ती करून घेतली, अहवाल चांगला आला आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बाहेरही काही दिसले नाही. गरोदरपणी चामखीळ वाढू शकतात आणि त्या काळात इमिक्विमोड किंवा पोडोफायलोटॉक्सिन हे चामखिळांवर लावायचे दुसरे औषध वापरायचे नसते, एवढे ज्यांना लागू असेल त्यांनी लक्षात ठेवावे.

आम्ही स्वतः काय केले? इतकी वर्षे एकत्र राहिल्यावर विषाणू तिच्यापर्यंत आधीच पोहोचला असण्याची शक्यता मोठी आहे आणि म्हणून आता कंडोमचा फायदा मर्यादित आहे, असे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. कंडोमने न झाकली जाणारी त्वचा पुष्कळ असते, त्यामुळे तो संसर्गाची शक्यता घटवतो, संपवत नाही. तरीही चामखीळ अंगावर होते तोवर आम्ही दूर राहिलो आणि नंतर सहा महिने कंडोम वापरला. त्यात वैद्यकशास्त्र किती आणि मनाची समजूत किती, याचा हिशेब मी मांडलेला नाही. नवा जोडीदार असेल तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा चामखीळ पूर्ण जाईपर्यंत थांबणे, नंतरचे काही महिने कंडोम वापरणे आणि आधी तोंडाने सांगणे, हे मला किमान वाटते. टॉवेल वेगळे करण्याचा आणि संडासाची बैठक डेटॉलने धुण्याचा उत्साह मात्र आम्ही पहिल्याच आठवड्यात आवरला, कारण या विषाणूचा मुख्य मार्ग त्वचेचा त्वचेशी संपर्क हाच आहे. त्या भागावर वस्तरा फिरवणे मी बंद केले, कारण खरचटीतून चामखीळ आणखी पसरू शकतात. सिगारेट ओढणाऱ्यांत हे दुखणे अधिक चिवट असते असे वाचून दिवसाच्या चार सिगारेटी मी दोनवर आणल्या. शून्यावर आणल्या असे लिहिता आले असते तर बरे दिसले असते.

झालेल्या चामखिळांवर लस हा उपाय नाही. ती आधी घ्यायची असते. पण आधी घेतली तर काय होते, याचे ऑस्ट्रेलियाइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. तेथे २००७ मध्ये मुलींना चार प्रकारांवरची, म्हणजे ६ आणि ११ यांच्यावरही चालणारी लस देण्यास सुरुवात झाली. तेथील लैंगिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या २१ वर्षांखालील तरुणींमध्ये चामखिळांचे प्रमाण २००७ मध्ये ११.५ टक्के होते, ते २०११ मध्ये ०.८५ टक्के झाले. त्याच काळात, लस न मिळालेल्या तरुण पुरुषांमध्येही ते झपाट्याने घटले, कारण त्यांना देणारेच कोणी उरले नाही. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ जानेवारी २०२३ मध्ये आली. तीही ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवरची आहे आणि मुलांनाही देता येते. फक्त १६ आणि १८ वरची दुहेरी लस चामखिळांपासून संरक्षण देत नाही, म्हणून डॉक्टरांना लशीचे नाव विचारून घ्यावे.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो होतो. दादाच्या मुलीला बारावे लागले आहे आणि तिला ही लस द्यायचे घरात ठरले होते. मी म्हटले, धाकट्यालाही नऊ झाली की दे. ‘त्याला कशाला? ती बायकांची लस आहे,’ दादा म्हणाला. मी सांगितले की या विषाणूने पुरुषांनाही चामखीळ होतात, जाळले तरी परत येतात, आणि गेले तरी गेले असे छातीठोकपणे सांगता येत नाही. फराळाचे ताट हातात धरून तो माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिला. ‘तुला बरे एवढे माहीत?’ त्याने विचारले. वाचले कुठेतरी, असे सांगून मी चिवड्याचा डबा त्याच्याकडे सरकवला. बायको समोरच बसली होती. तिने मान खाली घालून चकली मोडली.